सर्वे झाला, पुढे काय? कोकणात येऊन गेलेल्या संशोधनाचा हिशेब

सड्यावरचा | १९ जून, रात्री ९.४०

गेल्या रविवारी आमच्या पडवीत दोन मुली टॅब घेऊन बसल्या होत्या. समाजशास्त्राच्या. काकी शेतातून चिखलाचे पाय धुऊन आली, चहा ठेवला आणि बसली उत्तरं द्यायला.

पहिला प्रश्न, कुटुंबप्रमुखाचं नाव. काकीने विरारला असलेल्या मुलाचं नाव सांगितलं. तो वर्षातून दोनदा येतो, गणपतीला आणि शिमग्याला. शेत, गुरं, लाईटबिल, भाऊबंदांशी भांडण, सगळं काकी एकटी निस्तरते. पण प्रमुख तो.

दुसरा प्रश्न, जमीन किती. "सामाईक." तुमच्या वाट्याला किती? काकी हसायलाच लागली. सातबाऱ्यावर एकेचाळीस नावं, त्यातली अकरा माणसं वारलेली. टॅबमध्ये आकडा टाकल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडेना. शेवटी तिघींनी मिळून वीस गुंठे ठरवले, बाजारात भाव ठरवतात तसे.

तिसरा, घरात माणसं किती. आज दोन. गणपतीत आला असतात तर चौदा.

मी राजापूर तालुक्यातला. गेली बारा वर्षं अशा लोकांना वाड्यावाड्यांतून फिरवतोय, कारण माझ्याकडे बाईक आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. माती तपासणारे आले, बेडूक शोधणारे आले, बोलीभाषा रेकॉर्ड करणारे, लग्नाच्या ओव्या लिहून घेणारे, रक्त नेणारे. वाईट कोणीच नव्हते. जाताना सगळे म्हणाले, "निष्कर्ष कळवू." कळवले एकाने.

म्हणून हा धागा. तुमच्याकडे कोण आलं, काय घेऊन गेलं, आणि परत काय आलं? रिफायनरी, महामार्ग आणि पक्ष कृपया नकोत, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात धागा वाहून जाईल.

---

खाजणकर | रात्री ९.५८

रुमाल टाकून ठेवतोय. सविस्तर नंतर.

---

कोयकलम | रात्री १०.२५

आमची बाग पावसच्या बाजूला. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या बाजूने बोलणार, आधीच सांगतो.

हापूसमध्ये साका ही काय चीज आहे ते बागायतदारालाच विचारा. फळ बाहेरून सोन्यासारखं, वासाला फर्मास, आणि कापलं की कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखं, आंबट. गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा आपली मान खाली. बाहेरून ओळखायची सोय नाही. आमचे आजोबा म्हणायचे, झाडाची नजर फिरली.

पुढे त्यावर काम झालं. जमिनीतून वर येणारी धग हे एक कारण निघालं, म्हणून झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन करा म्हणाले. बंगळुरूच्या फळसंशोधन संस्थेतल्या लोकांनी आणखी खोलात जाऊन दाखवलं की फळ झाडावर असतानाच आतली कोय रुजायच्या तयारीला लागते आणि भोवतीच्या गराची वाट लावते. त्यातून आमच्या कामाचं काय निघालं, तर आंबा झाडावर पूर्ण पिकेपर्यंत ठेवू नका, चौदा आणे तयार झाला की काढा. ही एक ओळ माझ्या गड्याला पाठ आहे. गड्याने प्रबंध वाचलेला नाही.

आता दुसरी बाजू. विद्यापीठ १९७२ चं. १९८१ मध्ये त्यांनी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना काढला. साका नाही, दरवर्षी धरतो, फळ मोठं. १९९२ मध्ये सिंधू आणला, कोय पातळ कागदासारखी. दोन्ही उत्तम. माझ्याकडे रत्नाची सहा झाडं आहेत. वाशीला पेटी पाठवली की दलाल विचारतो, "हापूस का नाही पाठवला?" म्हणजे संशोधन चुकलं का? नाही चुकलं. पण मुंबईच्या माणसाच्या जिभेवर संकर करता येत नाही.

कल्टार या मोहोराच्या औषधाचंही तेच. पावसाळ्यात बुंध्याभोवती मातीत द्यायचं, झाडाची पालवी आवरते आणि मोहोर येतो, वर्षाआड धरणारा हापूस दरवर्षी धरायला लागतो. मात्रा झाडाच्या घेराप्रमाणे ठरवून दिलेली आहे. पण बाग खंडाने घेणाऱ्याला तीन वर्षांचं पीक हवं असतं, झाड नको असतं. तो हात सैल सोडतो. पुढे झाड वठायला लागलं की लोक म्हणतात, विद्यापीठाने औषध दिलं.

---

टोकाची_शंका | रात्री १०.३१

विद्यापीठाचं ठीक आहे हो, त्यांचा पगारच त्यासाठी आहे. प्रश्न आहे तो पीएचडीवाल्यांचा. बढतीसाठी कागद, कागदासाठी डेटा, डेटासाठी तुमची काकी.

---

उंबरा | रात्री ११.१२

मी निवृत्त आरोग्यसेविका, महाड तालुका. इथे हे नाव आलं नाही तर धागा अपुरा राहील म्हणून लिहिते: डॉ. हिंमतराव बावस्कर.

ज्यांनी लाल विंचवाचा दंश पाहिला नाही त्यांना सांगते. भाताचे भारे, चिऱ्याची गडगी, चुलीपाशी रचलेली लाकडं, तिथे तो असतो. साधी इंगळी चावली की माणूस ठणाठणा ओरडतो. लाल विंचू चावलेला पेशंट काही वेळा ओरडतच नाही, आणि तेच वाईट. सगळं अंग घामाने थबथबलेलं, उलट्या, हातपाय मात्र बर्फ. आम्ही आधी पायाला हात लावून बघायचो. पाय गार म्हणजे धावपळ. छातीत पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस आला की मग देवाचं नाव.

बावस्कर मूळचे जालन्याकडचे. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तिथे मरणारे तरणेताठे लोक आणि पोरं बघून त्यांनी एकेका पेशंटच्या उशाशी बसून नोंदी काढल्या, घाम कधी सुटला, नाडी कशी, बीपी कधी चढलं, कधी पडलं. पुस्तकात याबद्दल फारसं काही नव्हतंच. १९८२ मध्ये त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. विष शरीरातच अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर आणतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं. मग ती आवळ सोडवणारं औषध का देऊ नये? ते औषध बाजारात होतंच, प्रॅझोसिन, ब्लडप्रेशरची साधी गोळी. १९८६ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात चाळीसच्या घरात होतं ते एकावर आलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले.

मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की गोळी स्वस्त होती आणि उपकेंद्रात ठेवता येत होती. मी स्वतः रात्री दीड वाजता कंदिलाच्या उजेडात एका दहा वर्षांच्या पोराला ती दिलेली आहे, डॉक्टरांनी आधी समजावून ठेवल्याप्रमाणे, आणि झोपूनच ठेवायचं, उठून बसू द्यायचं नाही, कारण त्या गोळीने बीपी एकदम उतरतं. त्याची आई सारखी म्हणत होती, "बसवू का त्याला, पाणी देऊ का बसवून?" मी तिचा हात धरून ठेवला होता. पहाटे पोराचे पाय कोमट झाले. इतकी वर्षं नोकरी केली, ते कोमट पाय हाताला अजून आठवतात.

---

खाजणकर | रात्री ११.२०

@उंबरा, अंगावर काटा आला. विंचवाची लस पण असते ना? मग गोळी कशाला?

---

उंबरा | रात्री ११.३४

लस नव्हे, प्रतिविष. हाफकिनचं. त्यावरही महाडलाच अभ्यास झाला, २०११ मध्ये बीएमजेत छापून आला. नुसती गोळी आणि गोळी अधिक प्रतिविष अशी तुलना होती. दोन्ही मिळून दिलं तर पेशंट लवकर सावरतो असं निघालं. बघा, ज्या माणसाने गोळीवर नाव कमावलं त्यानेच गोळी एकटी पुरेशी आहे का हे तपासून घेतलं.

आणि कोणाला चावलं तर घरी गोळ्या शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

---

अर्धी_पीएचडी | २० जून, सकाळी ७.५०

काकींच्या पडवीत बसलेली मुलगी मी नव्हे, पण असू शकले असते. माझा विषय, नवरा मुंबईला आणि संसार गावाला अशा बायका. मनिऑर्डरच्या काळापासून गूगल पेपर्यंत. चार वर्षं झाली, अर्धी झाले आहे, नावाप्रमाणे.

आधी कबुली. 'कुटुंबप्रमुख'चा घोळ मीही घातला. पहिल्या तीस घरांत सगळीकडे पुरुषाचं नाव आलं. मग एका घरात आजी म्हणाल्या, "प्रमुख तो, पण विचारायचं असेल तर मला विचार." त्या दिवशी मी प्रश्न फोडून तीन केले: रेशनकार्ड कोणाच्या नावावर, बियाणं कोणी आणलं, म्हैस विकायची झाली तर शेवटचा शब्द कोणाचा. तीन वेगवेगळी नावं यायला लागली. आधीची तीस घरं परत केली, स्वतःच्या खर्चाने, भर पावसात.

संमतीपत्राची तर वेगळीच कथा. नीतिसमितीने मंजूर केलेली मराठी अशी, "सदर अभ्यासातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकता." मी हे वाचून दाखवलं की बायका म्हणायच्या, "बरं. सही कुठे?" ऐच्छिक म्हणजे काय ते त्यांना कळावं म्हणून मी म्हणायला लागले, "नको वाटलं तर मधेच ऊठ म्हणा, मी उठते." एका काकूंनी खरंच उठवलं, मासेवाली आली म्हणून.

मनःस्वास्थ्याची एक प्रमाणित प्रश्नावली असते. त्यात विचारतात, गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही असं किती वेळा झालं. मी हे विचारलं जुलैमध्ये. समोरची बाई कंबर धरून बसलेली, सकाळपासून वाकून. म्हणाली, "लावणीत आनंद असतो तो बघणाऱ्याला, गो." मी काय खूण करू? 'जीव रमतो का' असं विचारलं असतं तर नीट उत्तर मिळालं असतं. पण प्रश्न बदलला की बाहेरच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. नवा प्रश्न वापरायचा तर तो आधी स्वतंत्रपणे तपासून, पारखून घ्यावा लागतो, आणि तो आणखी दोन वर्षांचा वेगळा अभ्यास. मार्गदर्शक म्हणाले, आहे तसा ठेव. ठेवला.

@टोकाची_शंका, बढतीचं बोललात ते खोटं नाही. पण निष्कर्ष कळवायला परत यायचं तर त्याला ना पैसा आहे ना गुण. प्रबंध सादर झाला की शिष्यवृत्ती थांबते, मुलगी नोकरी शोधायला पुण्यात. प्रबंध शोधगंगेवर चढतो, इंग्रजीत, गावाचं नाव लपवून. नाव लपवतात ते तुमच्याच भल्यासाठी. कोणत्या वाडीत कोण दारू पितो हे छापून आलं तर तुम्हीच मला गावात पाऊल ठेवू देणार नाही.

---

सड्यावरचा | सकाळी ८.१५

@अर्धी_पीएचडी, भर पावसात तीस घरं परत केलीत, तुमच्यासाठी बाईक कधीही हजर. शोधगंगा म्हणजे काय ते सांगा. कोणालाही उघडता येतं का?

---

अर्धी_पीएचडी | सकाळी ८.४०

हो, फुकट. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे असतात, गांधीनगरची संस्था सांभाळते. तालुक्याचं नाव इंग्रजीत टाकून बघा. स्पेलिंग दोनतीन प्रकारे टाका.

---

बांगडो_तिखलो | सकाळी ९.०५

वाचतंय सगळा. मालवणीतच लिवतंय, समजान घेवा.

२०१६ त आमच्या दोडामार्गात माकडताप इलो. मामा काजीच्या बागेत कामाक जाय. पयल्यांदा लोकांका वाटला मलेरिया, मगे वाटला लेप्टो. रानात माकडा मरान पडलेली, पण त्याचो नि तापाचो संबंध कोणाच्या डोक्यात येतलो? मगे तपासणीवाले इले. ते काय करीत, तर पांढरो कपडो काठयेक बांधून पाल्यापाचोळ्यावरसून ओढीत जाईत. मामी म्हणता, "ह्ये खुळे काय? रान झाडतत?"

त्येंनी कपडो उलटो करून मामीक दाखवल्यानी. तिळासारखे बारीक गोचडे, खंडीभर. ह्येच चावतत, माकडाक पण नि माणसाक पण. त्या दिसापासून अंगाक ता औषधी तेल लायल्याबिगर मामीन मामाक बागेत सोडूक नाय. मेलेलो माकड दिसलो तर हात लावचो नाय, कळवचो, ह्या पण सगळ्यांका तेवाच समजला.

ह्यो ताप १९५७ त कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानात पयल्यांदा गावलो, म्हणान त्येचा इंग्लिश नाव त्या रानावरसून. आमका त्या नावाचा काय? कपडो उलटो करून दाखवलो, तेतूर सगळा इला.

---

टोकाची_शंका | सकाळी ९.११

हे आवडलं. मागे घेत नाही काही, पण आवडलं.

---

खडू_फळा | दुपारी १.३०

मधली सुट्टी. जिल्हा परिषदेची शाळा, पट नऊ. पहिली ते चौथी मिळून नऊ.

शिक्षणावरच्या संशोधनाचा पाऊस आमच्यावर वर्षभर पडतो. बीएड, एमएडवाल्यांच्या प्रश्नावल्या: "आपल्या शाळेत डिजिटल साधनांचा वापर पुढीलपैकी किती प्रमाणात होतो?" पुढीलपैकीत 'वीज नव्हती' हा पर्याय नसतो. आणि आम्हालाही दरवर्षी कृतिसंशोधन सांगतात. खरं सांगायचं तर तालुक्यात एकच कृतिसंशोधन आहे, शुद्धलेखनातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरचं, ते फिरत फिरत सगळ्या शाळांत जाऊन येतं. त्याच्या एका प्रतीत शीर्षकातच 'दिर्घ' लिहिलेलं मी पाहिलंय.

पण माझी खरी तक्रार शेकड्याची आहे. नऊ मुलांत एक मूल म्हणजे अकरा टक्के. मागच्या वर्षी एक मुलगी आईबरोबर पनवेलला गेली, तर अहवालात वाचनक्षमता अकरा टक्क्यांनी घसरली. मला खुलासा विचारला. मी लिहिलं, "वाचणारी मुलगी पनवेलला गेली." साहेब हसले, पण रकान्यात काय भरायचं ते त्यांनाही कळेना.

'असर'चा अभ्यास मला त्या मानाने प्रामाणिक वाटतो. २००५ पासून चालू आहे. शाळेत न येता घरी जातात, जिल्ह्यातली तीस गावं, गावातली वीस घरं, आणि मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा देतात, वाच. वाचलं की नाही, बस. आमच्या गावी एकदा आले होते. पाचवीतला मुलगा अडखळला तेव्हा त्याचा बाप दारात उभा राहून ऐकत होता. प्रगतिपुस्तकात अ श्रेणी. रात्री बाप माझ्या घरी आला. भांडायला नव्हे, विचारायला, की आता काय करू.

मात्र हेही लक्षात घ्या, तीस गावांवरून जिल्ह्याचं बोलता येतं, एका शाळेचं नाही. पेपरवाले जिल्ह्याचा आकडा छापतात आणि सरपंच तो माझ्या शाळेला लावतो.

---

खाजणकर | दुपारी २.४५

गुरुजी, 'वाचणारी मुलगी पनवेलला गेली' 🙏

माझं थोडक्यात. आमची खारजमीन. बांध फुटला की समुद्राचं पाणी आत, मग तीन वर्षं भात नाही. पनवेलच्या खारभूमी केंद्राने मिठाला टिकणारी भाताची वाणं काढली, आम्ही लावली, चालली. पण बांधच वेळेवर दुरुस्त झाला नाही तर वाण काय करणार? वाणावर काम करणारा वेगळा, बांधाचं टेंडर काढणारा वेगळा. संपलं माझं.

---

वाळूतली_पावलं | संध्याकाळी ६.२०

कासवांचं कोणीच कसं काढलं नाही!

वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडलीची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी खाल्ली जायची, विकली जायची, हे आमचेच लोक सांगतात, लपवायचं काय. आता पहाटे किनाऱ्यावर चालत जाऊन पावलांच्या खुणा वाचणारे गावचेच पोरगे. अंडी काढून कुंपणात तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची, वरची बाजू वरच राहील अशी. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं.

२०२२ मध्ये डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेने आणि कांदळवन कक्षाच्या प्रतिष्ठानने पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग लावले. प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री. पुढच्या वर्षी गुहागरला आणखी दोन, बागेश्री आणि गुहा. नकाशावर ठिपका कुठे गेला हे आम्ही रोज बघायचो, आयपीएलसारखं. बागेश्री खाली उतरत उतरत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली तेव्हा वाडीत पैज हरलेल्यांनी सोलकढी पाजली.

आणि खरा धक्का जानेवारी २०२५ चा. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर धातूचा टॅग सापडला, ०३२३३. शोधलं तर तो २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला. म्हणजे ती बाई पूर्व किनाऱ्यावरून साडेतीन हजार किलोमीटर पोहत आमच्याकडे बाळंतपणाला आली. पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी असं धरून चालणाऱ्यांना आता नव्याने विचार करावा लागतोय.

---

टोकाची_शंका | संध्याकाळी ६.२८

साडेतीन हजार किलोमीटर! कोकण रेल्वेचं तिकीट तिलाही मिळालं नसणार.

पण विचारतो, यातून गावाला काय मिळालं? ठिपका?

---

वाळूतली_पावलं | संध्याकाळी ६.५०

मार्चमध्ये या आणि एखाद्या घरात खोली मिळते का बघा. पिल्लं कधी बाहेर पडणार त्याचा अंदाज गाव सांगतं, त्यावर पाहुण्यांची गर्दी ठरते. माझ्या मावशीच्या घरात दुसरा संडास त्यातून झाला. हसू नका, ती संडास झाला म्हणूनच कासवांच्या बाजूने आहे.

---

चिरेबंदी | रात्री ९.१५

सड्यावरच्या माणसाने धागा काढला आणि कातळशिल्पांचा उल्लेख नाही, हे म्हणजे जेवण काढलं आणि भात विसरले.

इथे गोष्ट उलटी झाली. आधी माहिती गावात होती. गुराखी त्या रेघांवर बसून डबा खायचे. कुठे पांडवांनी काढलं म्हणायचे, कुठे राखणदाराची जागा म्हणून नारळ ठेवायचे. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी सड्यासड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर, पायपीट केली, आणि त्यांची पद्धत काय, तर म्हाताऱ्या गुराख्यांना विचारायचं. यंत्र नाही, ड्रोन नंतर आला. त्यातून उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे अशी एकेक नावं बाहेर पडली. कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात पुन्हा प्राणीच प्राणी. जमिनीवर उभं राहून तो दिसतच नाही. ज्याने कोरला त्याने तो कुठून बघितला असेल, यावर आमच्या नाक्यावर दोन तट आहेत.

देवाचे गोठण्याला होकायंत्र घेऊन जा. त्या कातळावर ठेवलं की काटा भरकटतो. दगडच चुंबकीय आहे. आकृती मुद्दाम तिथे काढली की योगायोग, हे कोणी ठामपणे सांगितलं तर त्याच्याकडून दगडाचे पैसे घ्या.

२०२२ मध्ये नऊ स्थळांची नावं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. छान. पण मी चिरेखाणीवाल्याच्या घरातला, म्हणून आतलं सांगतो. ज्या सड्यावर रेघा आहेत तोच सडा चिऱ्यासाठी चांगला. मशीन एका दिवसात जेवढं कापतं तेवढ्यात हजारो वर्षांपूर्वीचं कोरीवकाम जाईल, आणि ऑपरेटरला पत्ताही नसेल. आमच्या खाणीच्या कडेला एक माशासारखी आकृती होती. वडिलांनी तेवढा तुकडा सोडला. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, एका संशोधकाने त्यावर खडूची भुकटी टाकून त्यांना मासा दाखवला होता म्हणून. त्याआधी ते म्हणायचे, भेग आहे.

---

कोयकलम | रात्री ९.४०

बांगडो यांचा कपडा, तुमची भुकटी. दोन्हीकडे माणसाला बोलावून दाखवलं. आमच्याकडे शास्त्रज्ञ चर्चासत्रात स्लाइड दाखवतात, दिवे बंद करून. निम्मे बागायतदार तेवढ्यात झोपून घेतात, पहाटे फवारणी असते.

---

अर्धी_पीएचडी | रात्री १०.०५

दोन दिवस हे सगळं वाचून मी एक करायचं ठरवलंय. गणपतीत जाते, तेव्हा घरं भरलेली असतात. वाडीच्या आरतीनंतर पंधरा मिनिटं मागणार आहे. तक्ते नाहीत. म्हैस विकताना शेवटचा शब्द कोणाचा, एवढंच सांगणार, पुरुषमंडळी समोर बसलेली असताना. मार्गदर्शकांना अजून बोलले नाही.

---

टोकाची_शंका | रात्री १०.०९

मखरामागून पळायची वाट आधी बघून ठेवा.

---

सड्यावरचा | २३ जून, रात्री ८.३०

धागा वर काढतोय, कारण एक प्रकार घडला.

शोधगंगेवर तालुक्याचं नाव चार स्पेलिंगांनी टाकलं. तिसऱ्याला एक प्रबंध निघाला. आठ वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, मीच फिरवलेली, बायकांची कामं आणि त्यांची स्वतःची मालमत्ता असा काहीतरी विषय. आमच्या गावाचं नाव त्यात 'गाव क'. पण विहिरीचं आणि पाराचं वर्णन वाचलं आणि ओळखलं. सातव्या पानावर आभारात 'स्थानिक वाहनचालक' आहे. तो मी. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काल जेवणानंतर काकीला वाचून दाखवलं, जमेल तसं मराठीत करून. सकाळी पाण्याला किती वेळ, लाकडाला किती वेळ, या भागाला ती मान डोलवत होती. "बरोबर लिवलान पोरीन." मग एक तक्ता आला, घरनिहाय पशुधन. नावं नव्हती, पण पाराच्या मागचं घर, विधवा जाऊ शेजारी, म्हणजे आमचंच. पुढे लिहिलेलं, निरंक.

काकी एकदम गप्प. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"चार शेल्या होत्या की रं. नि कोंबड्या येगल्या."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?

"सरकारची मानसं वाटली. शेल्या सांगितल्या असत्या तं पिवला कार्ड गेला असता. त्या रांगतल्या कुनीच नाय सांगितलान. आमी आदल्या राती ठरवला होता."

मी तक्ता परत बघितला. पाराच्या मागच्या आठही घरांपुढे निरंक. खाली एक परिच्छेद आहे, की या वस्तीतील स्त्रियांकडे स्वतःची अशी जंगम मालमत्ता जवळजवळ नसल्याचे आढळते, आणि त्याची कारणं दीड पान. माझ्या डोळ्यांसमोर त्या वर्षीच्या शेळ्या येत होत्या, शिमग्याला विकलेला बोकड सुद्धा. त्या पैशातून काकीने विरारच्या पोराला रिक्षाच्या परमिटसाठी दिले होते.

@अर्धी_पीएचडी, असं सापडलं तर आठ वर्षांनी काही करता येतं का? म्हणजे कुठे कळवायचं असतं का?

काकीला आता राहवेना झालंय. तिला त्या पोरीचं वाईट वाटतंय, चहाबरोबर आंबोळ्या खाऊन गेली होती म्हणे. देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात संमतीपत्राची प्रत निघाली, लाईटबिलांच्या गठ्ठ्यात. खाली मोबाईल नंबर आहे. काकी म्हणते उद्या सकाळी लाव, पण आधी विचार की ती सरकारात लागली तर नाही ना.